हिरव्या दिव्याची चोरी

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळ्यातली संध्याकाळ होती आणि वडिलांना घेऊन मी रुग्णवाहिकेतून इस्पितळात चाललो होतो. छातीत कळ येऊन त्यांना तास होऊन गेला होता. भोंगा सारखा वाजत होता. पण पुण्यातल्या एका मोठ्या चौकात येताच गाडी थांबली. समोर लाल दिवा, पुढे पंधरावीस मोटारी, दोन्ही अंगांना स्कूटरींची दाटी. वाट द्यायची कोणाची इच्छा असली तरी सरकायला जागा नव्हती. गाडी चालवणारे गृहस्थ साठीकडे झुकलेले, मुरलेले होते. मागे न वळता ते म्हणाले, "साहेब, हा दिवा आपल्या हातात पाहिजे होता."

एवढ्यात चौकातला पोलीस भर पावसात रस्त्याच्या मधोमध आला. त्याने आडवी रहदारी हाताने थोपवली, आमच्या पुढच्या मोटारी सोडल्या आणि आम्ही निघालो. निघताना काचेतून मला दिसले, की रस्ता ओलांडून निम्म्यावर आलेली एक म्हातारी पोलिसाचा हात पाहताच मागे सरली आणि दुभाजकावर भिजत उभी राहिली. वडील त्या दुखण्यातून उठले. तो चौक मात्र मी विसरलो नाही, आणि ते वाक्यही विसरलो नाही.

पुढे वाचनात आले, की दिवा असा हातात देणारे यंत्र अमेरिकेत फार पूर्वीच निघालेले आहे. आणि त्याहून नवल म्हणजे, ते खासगी माणसाने वापरणे हा तेथे देशाच्या कायद्याने गुन्हा आहे. ज्या वस्तूची मला त्या संध्याकाळी एवढी निकड होती, तिच्यावर बंदी घालावी असे कोणाला का वाटले असेल? या प्रश्नाच्या मागे लागलो तेव्हा हाती आला तो रस्त्यावरच्या मानापमानाचा एक लहानसा इतिहास. दिव्यांच्या सणाला दिव्यांचीच हकीकत सांगायला हरकत नाही, म्हणून ती येथे मांडतो.

रस्त्यावर पहिली वाट कोणाची, हा प्रश्न दिव्यांच्या पुष्कळ आधीचा आहे. आपल्याकडे राजाची स्वारी निघाली की पुढे भालदार-चोपदार ललकारत आणि लोक बाजूला होत. वाट मिळे ती पदाला. स्वारीला कामाची घाई आहे की नाही हे कोणी विचारीत नसे. रहदारीच्या दिव्याने या व्यवस्थेला शांतपणे धक्का दिला. दिव्याला डोळे नसतात. खाली उमराव उभा आहे की हमाल, हे त्याला दिसत नाही. तांबडा दिवा दोघांनाही तांबडाच.

असा पहिला दिवा लंडनमध्ये पार्लमेंटच्या इमारतीजवळ १० डिसेंबर १८६८ रोजी लागला. त्याची कल्पना जॉन पीक नाइट या रेल्वेतल्या अधिकाऱ्याची. रेल्वेचे सिग्नल त्याने रस्त्यावर आणले: दिवसा वरखाली होणारे हात, रात्री तांबडा आणि हिरवा असे गॅसचे दिवे. ते फिरवायला खाली एक पोलीस उभा असे. महिना पुरा होण्याच्या आत, २ जानेवारी १८६९ रोजी, गॅस गळून स्फोट झाला आणि तो पोलीस जखमी झाला. पुढे तो खांबही काढून टाकण्यात आला. पहिल्या दिव्याचे आयुष्य एवढेच.

विजेवर चालणारी पद्धतशीर योजना आली ती अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात. युक्लिड अव्हेन्यू आणि ईस्ट १०५ व्या रस्त्याच्या चौकात ५ ऑगस्ट १९१४ रोजी हे दिवे लागले. रंग दोनच, तांबडा आणि हिरवा. दिवा बदलण्यापूर्वी इशाऱ्याची घंटी वाजे. योजना जेम्स होग याची. तिच्यातली एक तरतूद मला सर्वांत महत्त्वाची वाटते: अडीअडचणीच्या प्रसंगी पोलीस ठाण्याला आणि आगीच्या बंबांच्या ठाण्याला हे दिवे आपल्या ताब्यात घेता यावेत, अशी सोय होगने मूळ आराखड्यातच ठेवली होती. म्हणजे सर्वांना सारखे लेखणारा दिवा आणि त्या समानतेला घातलेला अपवाद, हे दोन्ही एकाच पाळण्यात जन्मले. फक्त हा अपवाद भालदार-चोपदारांच्या जातीचा नव्हता. वाट मिळणार होती ती पदाला नव्हे, निकडीला. जळत्या घराकडे जाणाऱ्या बंबात कोण बसले आहे, हा प्रश्नच येथे उद्भवत नव्हता.

यानंतर चौकातल्या दिव्याशी सामान्य माणसाने बोलावे कसे, याचेही प्रयोग झाले. बाल्टिमोर शहरात चार्ल्स ॲडलर या संशोधकाने १९२८ साली आवाज ऐकणारा दिवा बसवला. आडरस्त्याने येणाऱ्या मोटारवाल्याने थांबायचे, हॉर्न वाजवायचा. खांबावरचे ध्वनिग्राहक यंत्र तो ऐके आणि दिवा बदले. पुढच्याच वर्षी, १९२९ साली, त्याने पायी चालणाऱ्यांसाठी दाबायची कळ आणली. आज जगभरच्या चौकांत खांबावर जे बटण दिसते त्याची ही आजी म्हणावी.

या दोन युक्त्या आणि पुढे ज्यावर बंदी आली ते यंत्र, यांत वरवर पाहता फरक दिसत नाही. दोन्हींनी दिवाच बदलतो. पण फरक आहे, आणि माझ्या मते साऱ्या प्रकरणाचे मर्म तेथेच आहे. बाल्टिमोरचा हॉर्न आणि खांबावरचे बटण ही विनंती आहे. मी येथे उभा आहे, माझी पाळी येऊ द्या, एवढेच ती सांगते. ती कोणीही करू शकतो. आणि ती केव्हा मानायची, हे चौकाचे वेळापत्रक ठरवते. बंबाचा अधिकार हा हुकूम आहे. तो वेळापत्रक मोडतो. विनंती हजारांनी केली तरी चौक चालतो. हुकूम देणारे दोघे झाले की चौक बंद पडतो.

हा हुकूम चालत्या गाडीतून देण्याची युक्ती १९६० च्या दशकाच्या अखेरीस मिनेसोटा राज्यातल्या सेंट पॉल येथील थ्री-एम या कंपनीने काढली. चिकटपट्ट्यांसाठी आपल्याकडेही ठाऊक असलेली ही कंपनी. यंत्राचे नाव ऑप्टिकॉम. बंबाच्या किंवा रुग्णवाहिकेच्या टपावर एक लखलखणारा दिवा बसवायचा. तो ठरावीक वेगाने उघडमीट करतो: तातडीच्या गाडीसाठी सेकंदाला सुमारे १४ वेळा, बससारख्या कमी तातडीच्या वाहनासाठी सुमारे १० वेळा. चौकातल्या खांबावर या लखलखीकडे डोळा लावून बसलेला एक ग्राहक असतो. तो वेग मोजतो आणि फुटपाथवरच्या लोखंडी पेटीतल्या नियंत्रकाला निरोप देतो. नियंत्रक बाकीच्या दिशांना पिवळा, मग तांबडा दाखवतो आणि येणाऱ्या गाडीला हिरवा. प्रकाशात डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण असतात. त्यामुळे साध्या दिव्यावर गाळणी बसवली की दिसणारा उजेड अडतो, पण निरोप पोचतो. मोटारीचे पुढचे दिवे भराभर उघडमीट केले की सिग्नल हिरवा होतो, अशी एक समजूत अमेरिकेत बरीच वर्षे होती, तिचा उगम बहुधा येथेच असावा. हाताने सेकंदाला चौदा वेळा दिवा कोण उघडमीट करणार?

या सोयीने पुष्कळांचे प्राण वाचले असतील यात शंका नाही. बंब आणि रुग्णवाहिका यांना चौकातच अपघाताचा मोठा धोका असतो. आडवी रहदारी आधीच थांबलेली असली की तो कमी होतो. परंतु हिरवा दिवा काही आकाशातून पडत नाही. तो कोणाकडून तरी घ्यावा लागतो. अमेरिकेत रहदारीच्या खुणांचे जे राष्ट्रीय नियमपुस्तक आहे, त्यात याचा हिशेब स्वच्छ लिहिला आहे. तातडीचा निरोप आला तरी पिवळ्या दिव्याचा वेळ कमी करायचा नाही. कारण भरधाव मोटारीला थांबायला तेवढा अवधी लागतोच. मात्र पायी चालणाऱ्याला रस्ता ओलांडण्यासाठी दिलेला वेळ कमी करण्याची, किंवा अजिबात गाळण्याचीही, मुभा आहे. हे वाचले तेव्हा दुभाजकावर भिजत उभी असलेली ती म्हातारी माझ्या डोळ्यांपुढे आली. माझ्या वडिलांच्या मिनिटाचे मोल तिने भरले होते. तेथेही ते पायी चालणाराच भरतो.

शिवाय खर्च एका चौकावर संपत नाही. मोठ्या रस्त्यावरचे दिवे एकमेकांशी ताल धरून चालवलेले असतात. पहिला हिरवा मिळाला की पुढचेही ओळीने मिळावेत अशी त्यांची आखणी असते. एका ठिकाणी तो ताल मोडला की पुन्हा जुळेपर्यंत दिव्यांची काही आवर्तने जातात, आणि मागे रांगा लागतात. निकड खरी असेल तर लोक हा खर्च आनंदाने सोसतात. निकड खोटी असेल तर मात्र तिला चोरी याहून सौम्य शब्द मला सापडत नाही. दहा रुपये चोरले तर एकाचे जातात. येथे शंभर माणसांचे अर्धे अर्धे मिनिट जाते, आणि कोणालाच आपले काही गेले असे कळत नाही.

तीस-पस्तीस वर्षे ही किल्ली बंबवाल्यांच्या आणि रुग्णवाहिकांच्याच हाती राहिली. त्याचे कारण कोणी फार मोठा पहारा ठेवला होता असे नव्हे. किल्ली महाग होती आणि ती मागण्याचे कोणाला सुचले नव्हते, एवढेच. जुन्या पद्धतीचा ग्राहक येणाऱ्या प्रकाशाला एकच प्रश्न विचारी, "तुझा वेग चौदाचा आहे काय?" तू कोण, हे तो विचारीत नसे. ज्या कुलपाची सारी भिस्त किल्लीच्या दुर्मिळपणावर असते, ते किल्ली स्वस्त झाली की उघडेच म्हणायचे.

किल्ली स्वस्त झाली ती २००० नंतर. मोटारीतल्या सिगारेट पेटवायच्या खाचेतून वीज घेणारी, काचेला चिकटवायची लहान यंत्रे काही शे डॉलरांत विकली जाऊ लागली. इंटरनेटवरच्या लिलावात कोणालाही ती मिळत. २००३ साली डेट्रॉइटच्या वर्तमानपत्राने हा प्रकार चव्हाट्यावर आणला आणि एकच गलका झाला. वाहतूक खात्याचे अधिकारी संतापले. पण संतापून करतात काय? अशी यंत्रे विकू नयेत असे सांगणारा देशभरचा कायदाच नव्हता. नव्या वस्तूच्या बाबतीत नेहमी असेच होते. आधी वस्तू येते, मग तिचा गैरवापर, आणि सर्वांत शेवटी कायदा धापा टाकीत येतो.

या वेळी मात्र कायद्याने पावले बरी उचलली. ज्या डेट्रॉइटमध्ये विल्यम पॉट्स या पोलिसाने १९२० साली तांबड्या-हिरव्यात पिवळ्याची भर घालून चार दिशांचा तिरंगी दिवा उभारला, त्या डेट्रॉइटच्या मिशिगन राज्याने २००४ मध्येच कायदा केला. त्याची रचना पायऱ्यापायऱ्यांची आहे. अनधिकाराने यंत्र नुसते जवळ बाळगले तरी ९० दिवसांपर्यंत कैद. वापरले तर दोन वर्षांपर्यंत. त्यातून अपघात झाला तर अधिक. आणि कोणाचा मृत्यू ओढवला तर १५ वर्षांपर्यंत. काचेला चिकटवलेल्या एका डबीपासून १५ वर्षांच्या तुरुंगापर्यंतचा हा जिना पाहिला, म्हणजे कायदे करणाऱ्यांना चौकात काय दिसत होते हे कळते. त्यांना घाईत असलेला मनुष्य दिसत नव्हता. आडव्या रस्त्यावरून बेसावध येणारा दिसत होता.

सबंध देशासाठी कायदा झाला तो १० ऑगस्ट २००५ रोजी. त्या दिवशी अध्यक्ष बुश यांनी रस्ते आणि वाहतूक यांसाठी सुमारे २८६ अब्ज डॉलरांची तरतूद करणाऱ्या एका अगडबंब कायद्यावर सही केली. त्याच्या पोटात हे लहानसे कलम होते. आज ते अमेरिकी कायदेसंग्रहाच्या अठराव्या भागात, म्हणजे फौजदारी भागात, ३९ वे कलम म्हणून उभे आहे. कलम लहान असले तरी त्यात तीन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट शिक्षेची. अनधिकृत वापर करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि अशा माणसाला जाणूनबुजून यंत्र विकणाऱ्याला एक वर्षापर्यंत; दंड दोघांनाही. विकणारा अधिक दोषी धरला आहे, आणि ते योग्यच आहे. वापरणारा एक चौक बिघडवतो. विकणारा शहर बिघडवतो. दुसरी गोष्ट अशी, की मिशिगनप्रमाणे यंत्र जवळ बाळगणे या कलमात गुन्हा नाही. विक्री आणि वापर एवढेच गुन्हे. तिसरी गोष्ट मला सर्वांत आवडली. यंत्र वाईट आहे असे हा कायदा कोठेच म्हणत नाही. तो वापरणाऱ्याकडे पाहतो. आग विझवणारे, पोलीस, रुग्णसेवा, सार्वजनिक वाहतूक, रस्त्यांची देखभाल अशी कामे सरकारसाठी किंवा कायद्याच्या परवानगीने करणाऱ्यांना तो मोकळीक देतो. आणि वर्गात शिकवण्यासाठी यंत्र वापरणाऱ्या शिक्षकालाही वगळतो. म्हणजे तोच हिरवा दिवा बंबवाल्याच्या हातून सेवा ठरतो, बसवाल्याच्या हातून सोय, मास्तरांच्या हातून धडा, आणि उशीर झालेल्या गृहस्थाच्या हातून गुन्हा.

हा उशीर झालेला गृहस्थ काल्पनिक नाही. कायदा झाल्यावरही, २००६ साली, कोलोरॅडो राज्यात असा एक जण सापडला. त्याने लिलावातून १०० डॉलरांना यंत्र घेतले होते आणि सुमारे दोन वर्षे कामावर जाता-येता ते वापरले होते. दिव्यांचा ताल पुन्हा पुन्हा बिघडतो हे शहराच्या अभियंत्यांच्या ध्यानात आले आणि माग काढता काढता गाडी सापडली. त्याच्यावर स्थानिक पातळीवरच कारवाई झाली. दंड ५० डॉलर. म्हणजे यंत्राच्या निम्मी किंमत! यंत्राचे पैसे केव्हाच वसूल झाले, अशा अर्थाचे तो बोलल्याचे छापून आले. मला त्याचा राग येण्याऐवजी गंमत वाटली, कारण तो खोटे बोलत नव्हता. त्याच्या हिशेबात एकच बाजू होती, जमेची. खर्चाची बाजू इतरांच्या वह्यांत विखुरलेली होती आणि त्या वह्या कोणी एकत्र ताडून पाहिल्या नव्हत्या. कायद्याचे काम खरे म्हणजे तेच. शिक्षा करणे त्याच्या नंतर येते.

नुसत्या कायद्याने कुलूप पक्के होत नाही, हेही खरे. म्हणून नव्या पद्धतीत लखलखीच्या मध्ये सांकेतिक ठोके पेरलेले असतात. चौकातला ग्राहक आता "तू कोण?" असेही विचारतो आणि यादीत नसलेल्याला दाद देत नाही. कोठे कोठे प्रकाशाऐवजी उपग्रहांवरून ठिकाण ओळखणारी आणि रेडिओने बोलणारी साधने आली. पण कुलूप नवे झाले तरी निष्काळजीपणा जुनाच राहतो. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली रीतसर परवानगी घेऊन एका शहराची यंत्रणा तपासली. सुमारे शंभर चौक बिनतारी जोडलेले होते. संदेश गुप्त ठेवण्याची सोय वापरलेली नव्हती आणि कारखान्यातून आलेला परवलीचा शब्दही कोणी बदललेला नव्हता. लंडनच्या गॅसच्या नळीपासून परवलीच्या शब्दापर्यंत गळती काही थांबलेली नाही.

या साऱ्यातून आपल्याला काय घ्यायचे? वाट कोणाची, हा प्रश्न आपणही आपल्या परीने सोडवीत आलो आहोत. भालदार-चोपदार गेले, पण त्यांची ललकारी मोटारीच्या टपावर तांबडा दिवा होऊन बसली. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला आळा घातला आणि १ मे २०१७ पासून केंद्र सरकारने पदाधिकाऱ्यांच्या गाड्यांवरचे तांबडे दिवे उतरवले; तातडीच्या सेवेच्या गाड्यांचे दिवे तेवढे राहिले. आपण पदाकडून वाट काढून घेतली आणि निकडीला दिली. अमेरिकेला ती पैशाच्या हातून काढून घ्यावी लागली. रोग निराळे, पथ्य एकच.

आणखी एक योगायोग सांगतो. आपल्या मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने एक कलम आले. बंब, रुग्णवाहिका अशा गाडीला जो वाट देत नाही, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. तिकडे वाट चोरणाऱ्याला सहा महिने. इकडे वाट न देणाऱ्याला सहा महिने. ही दोन कलमे एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत असे मला वाटते. निकडीला वाट देण्याची लोकांची तयारी हे शहराचे सामायिक धन आहे. जो देत नाही तो त्यात भर घालत नाही. जो खोट्या निकडीने घेतो तो ते लुटतो. आणि लुटणाऱ्याचे पाप मोठे, कारण चार वेळा फसलेला मनुष्य पाचव्या वेळी खऱ्या भोंग्यालाही सरकत नाही.

रुग्णवाहिकेतल्या त्या वाक्याला आता माझ्याजवळ उत्तर आहे. दिवा आपल्या हातात नव्हता हेच बरे झाले. तो तुमच्या-माझ्या हातात असता तर पुढच्या पंधरावीस मोटारवाल्यांच्याही हातात असता आणि आडव्या रस्त्यावरच्यांच्याही. मग वडिलांना घेऊन आम्ही कदाचित अजून त्या चौकातच असतो. त्या संध्याकाळी आम्हाला वाट मिळाली, ती जिच्या हातात काहीच नव्हते अशी एक म्हातारी दोन पावले मागे सरली म्हणून. तिचे आभार मानायचे तेवढे राहून गेले.